दोनशे अकरावी पातळी आणि माझा डावा कोपरा

मित्रांनो, माझ्या अंगावर अकरा जखमा आहेत. मी एक जुना मोबाईल आहे. माझ्या काचेवर डाव्या कोपऱ्यातून निघालेली भेग कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरली आहे. पाठीचं झाकण रबराने बांधलेलं आहे, आणि आवाज वाढवायचं बटण भाताच्या चिखलाने कायमचं बसलं आहे. दहा जखमा मला माणसांनी केल्या. अकरावी मात्र मी दुसऱ्याला जखम करताना झाली. आज तीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. ती गोड नाही, पण खरी आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. पहिली आठवण आहे ती भोरच्या एका दुकानातल्या काचेच्या कपाटाची. टाळेबंदीचं साल होतं. शाळा बंद होत्या. एक दिवस विंझरचे सावळाराम नावाचे म्हातारे शेतकरी दुकानात आले. त्यांनी बोकड विकला होता. मला तळहातावर घेऊन त्यांनी दुकानदाराला विचारलं, "ह्याच्यात शाळा दिसती का?"

"दिसते की, आजोबा."

"मग द्या. दोन नातवंडं हायेत. एकाच ताटात जेवत्यात, एकाच फोनात शिकत्याल."

तेव्हा ते खरंच होतं. सावळारामांचे दोन मुलगे, थोरला धनाजी आणि धाकटा अमृत, एकाच घरात राहत. धनाजीची श्रावणी आणि अमृतचा सार्थक एकाच वयाचे. ओट्यावर दोघं मला गुडघ्यांवर ठेवून बसत, तेव्हा त्यांची डोकी एकमेकांना टेकलेली असत. श्रावणीच्या आईने, मंगलने, जुन्या लुगड्याची मला पिशवी शिवली होती. सार्थकची आई रत्ना रोज पदराने माझी काच पुसायची. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस.

मग सावळाराम गेले आणि वर्ष होण्याआधी घराची वाटणी निघाली.

वाटणी म्हणजे काय, हे मी ओट्यावरच्या खुंटीला टांगलेल्या पिशवीतून पाहिलं. शेवटी एक तांब्याचा हंडा उरला. त्याचा एक कान धनाजीच्या हातात, दुसरा अमृतच्या. दोघांनी ओढला. मग सोडला, पण एकमेकांना धरलं. धनाजीचं कोपर अमृतच्या तोंडावर बसलं आणि त्याचा पुढचा दात अंगणात पडला. एका कोंबडीने येऊन त्याला टोच मारून पाहिली. अमृतने तोंडातलं रक्त थुंकलं आणि खुंटीवरून मला ओढून काढलं.

"ह्याचीबी वाटणी करू! अर्धा तुला, अर्धा मला!" असं म्हणून त्याने मला पाट्यावर टाकलं आणि वरवंटा उचलला.

माझी पहिली जखम त्या पाट्याची. दुसरी होण्याआधी कुणीतरी अमृतचं मनगट पकडलं. ती होती बाळाबाई, सावळारामांची बहीण. सत्तरीची बाई, पण हात भात झोडून लोखंड झालेले.

"लाज वाटंना का रं? माज्या भावानं पोरांच्या शिक्षणाला आणलेली वस्तू! खाचरांना पाण्याची बारी लावता ना? तशी फोनाला लावा. तीन दिस हिकडं, तीन दिस तिकडं. दिवा लावायच्या टायमाला द्यायचा आन् घ्यायचा."

घराच्या मधोमध विटांची भिंत उठली. बाळाबाईने गवंड्याला दटावून तिच्यात एका विटेचा झरोका ठेवायला लावला. दर तीन दिवसांनी मी चार्जरसकट त्या झरोक्यातून इकडून तिकडे जाऊ लागलो.

आता ही बारी काय असते ते सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. खाचर म्हणजे भाताचं बांधबंदिस्तीचं वावर. ओढ्याचं पाणी प्रत्येक खाचराला ठरलेल्या दिवशी मिळतं. आपली बारी संपली की बांधाची वाट मोकळी करायची आणि पाणी पुढच्याला सोडायचं, अशी रीत. पण वाटणीनंतर हे दोघे भाऊ आपली बारी संपायच्या वेळी उरलेलं पाणी मुद्दाम नाल्यात सोडून देत. दुसऱ्याला थेंब मिळता कामा नये. त्याने कोरड्यापासून सुरुवात करावी. मुलं रोज बांधावर असायची. त्यांनी हे पाहिलं, आणि मुलं जे पाहतात ते शिकतात.

माझ्यात एक खेळ होता. काचेच्या उभ्या नळ्या, आणि त्यांत एकावर एक चार थर मावणारं रंगीत पाणी. एका नळीतलं वरचं पाणी दुसरीत ओतायचं. पण रिकाम्या नळीत तरी, नाहीतर त्याच रंगावर. शेवटी प्रत्येक नळीत एकच रंग आला पाहिजे. दोनशे दहा पातळ्या दोघांनी मिळून कधीच सोडवल्या होत्या. भिंत उठली तेव्हा दोनशे अकरावी समोर होती. बारा नळ्या, दहा रंग, दोनच नळ्या रिकाम्या.

श्रावणी तीन दिवस डोकं लावायची, निम्म्यापर्यंत न्यायची. आणि मला झरोक्यातून देण्याआधी 'पुन्हा सुरू' हे बटण दाबून सगळं पुसून टाकायची. सार्थकही तेच करायचा. दोघांचे कष्ट दर बारीला नाल्यात जात होते. मला बोलता येत असतं तर मी ओरडून सांगितलं असतं. पण मला फक्त वाजता येतं.

एकदा त्यांच्यात पैज लागली. शाळेतून आल्यावर ओट्यापाशी सार्थक म्हणाला, "जो दोनशे अकरा सोडवंल, त्याचा फोन. कायमचा."

"कबूल. पण रडायचं न्हाई मग."

"रडतंय कोण? तुज्या बापानं माज्या बापाचा दात पाडला, तवा तूच रडत हुतीस."

श्रावणीने त्याच्या दंडाला असा चावा घेतला की दातांची गोल खूण आठ दिवस होती. त्याने तिची वेणी धरून तिचं डोकं ओट्याच्या खांबावर आपटलं. मी दप्तरातून दगडावर पडलो. मोजत असाल तर ती माझी सहावी जखम.

मोठ्या माणसांचं त्याहून वाईट चाललं होतं. आवणीचे दिवस होते, म्हणजे भाताची रोपं लावायचे. पावसाने आठवडाभर दडी मारली होती आणि रोपं पिवळी पडत होती. अमृतची बारी सुरू झाली, तर खाचरात पाणी नाही. धनाजीने सकाळीच ते नाल्यात सोडलेलं. मी त्या दिवशी धनाजीच्या सदऱ्याच्या खिशात होतो. अमृत बांधावरून धावत आला आणि त्याने फावड्याचा दांडा धनाजीच्या पाठीत घातला. हाड वाजलेलं मला ऐकू आलं. धनाजी वळला, दोघे चिखलात कोसळले, आणि मी खिशातून निसटून अमृतच्या कानाजवळ रुतलो. तिथून मला सगळं दिसत होतं. धनाजीने गुडघा भावाच्या मानेवर रोवला आणि त्याचं तोंड चिखलात दाबलं. चिखलातून बुडबुडे आले. मोठे बुडबुडे, मग लहान. मग येईनासे झाले.

मंगल आणि रत्ना, दोघी जावा, रोपांच्या मुठी टाकून धावल्या. मंगलने आपल्याच नवऱ्याचे केस धरून त्याला मागे ओढलं. रत्नाने नवऱ्याच्या तोंडात बोटं घालून चिखल काढला. अमृतने श्वास घेतला तो फाटलेल्या भात्यासारखा वाजला.

बांधावर दोन्ही मुलं उभी होती. कुणी त्यांना "घरी जा" म्हटलं नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी श्रावणीच्या बारीचा शेवट होता. ती दुपारपासून ओट्यावर बसून होती. दोनशे अकरावी पातळी तिने कधी नव्हती इतकी पुढे नेली होती. पाच नळ्या भरल्या होत्या. तिचा अंगठा घामाने माझ्या काचेवर घसरत होता. दिवे लागायला थोडा अवकाश होता, तेवढ्यात सार्थक आला.

"टाइम झाला. दे."

"दिवा कुठं लागलाय? थांब जरा!"

"आमच्याकडं लागलाय."

त्याने मला हिसकावलं. माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या पाच भरलेल्या नळ्या त्याला दिसल्या, मित्रांनो. मग श्रावणीकडे बघत त्याने अंगठ्याने 'पुन्हा सुरू' दाबलं. सगळे रंग पुन्हा विस्कटले.

"कर आता," तो हसत म्हणाला.

श्रावणीने मला त्याच्या हातातून ओढलं. ती रडली नाही, ओरडली नाही. तिने हात मागे नेला, आणि मी हवेत होतो. पाट्यावर, दगडावर, चिखलात मी पडलो होतो. पण ते पडणं होतं. या वेळी मला फेकलं होतं. माझा डावा कोपरा पुढे होता, आणि त्याच्यापुढे सार्थकचा डावा डोळा.

आवाज फार झाला नाही. तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी डोळा दाबून धरला. बोटांमधून रक्त आलं. "आई," तो हळूच म्हणाला. मग किंचाळला.

अमृत कोयता घेऊनच आला. "माज्या पोराचा डोळा! डोळ्याला डोळा घेईन! कुठंय ती पोरगी?"

धनाजीने दाराआडची पहार उचलली. मंगल लेकीला पोटाशी धरून उंबऱ्यात बसली. कोयत्याचा पहिला वार दाराच्या चौकटीत रुतला. तो उपसायला अमृत जोर लावत होता, तेवढ्यात बाळाबाईने खराट्याच्या बुडख्याने त्याच्या मनगटावर हाणलं, आणि तोच बुडखा वळवून धनाजीच्याही.

"मारा! दोगं मरा! पर आदी पोराला भोरला न्या. गाडी कुणाकडं हाय?"

गाडी एकट्या धनाजीकडे होती, त्याचा टेम्पो. धनाजीने पहार टाकली आणि किल्ली घेतली. अमृतने खाली पडलेल्या मला उचललं. "पुरावा हाय ह्यो. पोलिसात दीन," म्हणत त्याने मला खिशात कोंबलं. माझ्या कोपऱ्यावर त्याच्याच मुलाचं रक्त होतं.

नसरापूरवरून भोरपर्यंत टेम्पोत कुणी बोललं नाही. खड्डा आला की सार्थक कण्हायचा, आणि प्रत्येक खड्ड्याआधी धनाजी गाडी अगदी हळू करायचा. एवढंच काय ते दोघा भावांमधलं बोलणं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "डोळ्याच्या आत रक्त साचलंय. त्याला उशाला उंच करून निजवा. हालचाल नको, वाचन नको, मोबाईल तर नकोच. दोन्ही डोळ्यांवर पट्टी ठेवते, म्हणजे बुबुळ हलणार नाही. तीन दिवसांनी दाखवायला आणा. रक्त जिरलं तर नजर येईल. नाही जिरलं, तर आज मी काही सांगू शकत नाही."

परत आल्यावर अमृत भिंतीजवळ जाऊन मोठ्याने म्हणाला, म्हणजे पलीकडे ऐकू जावं, "पट्टी सुटंपत्तूर थांबतो. नजर गेली, तर पोलीस न्हाई आन् कोर्ट न्हाई. म्या हाय आन् कोयता हाय." दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी तो दगडावर कोयत्याला धार लावू लागला. तो खर्र खर्र आवाज झरोक्यातून पलीकडे जाई, आणि श्रावणीच्या हातातला घास तिथेच थांबे.

तीन दिवस झाले. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं, मान हलवली आणि पट्टी आणखी आठवडाभर वाढवली. त्याच संध्याकाळी माझी बारी बदलायची होती. अमृत मला द्यायला तयार नव्हता.

"पुरावा हाय म्हणलो ना!"

"बारी म्हंजी बारी," बाळाबाई म्हणाली. "ती मोडलीस तर उद्या पाण्याची बारी मागायला कुठल्या तोंडानं जाशील?"

त्याने मला झरोक्यात ठेवलं. पलीकडे श्रावणीने मला घेतलं, ओल्या फडक्याने कोपरा पुसला, आणि पालथं घालून ठेवलं. एक दिवस तिने मला हातही लावला नाही.

सार्थकची खाट भिंतीला लागून होती. दुसऱ्या दिवशी दुपारी, मोठी माणसं शेतावर गेल्यावर, झरोक्यातून आवाज आला. "श्रावणे. हायेस का?"

तिने नाक ओढलं.

"तू हायेस. नाक वढतीयेस ते ऐकू येतंय. दोनशे अकरा लाव."

"मी न्हाई खेळणार परत कदी."

"मग मी काय करू? हितं नुसतं काळं काळं. माशीसुदिक दिसत न्हाई. लाव ना गं. तू सांग, मी डोकं चालवतो. तसंबी तुज्यापरास माजंच चालतंय."

श्रावणीने मला सुलटं केलं. "पयल्या नळीत..." ती सांगू लागली.

"पयलं नको सांगू. पाठ हाय मला. शंभरदा पुसलंय आपण."

खरंच पाठ होतं. दोघांनाही. डोळे बांधलेला तो मुलगा अंधारात बारा नळ्या मांडून बसला होता. "चारातला पिवळा अकरात वत. आता चारात वर काय आलं?" तो विचारायचा, ती सांगायची. कुठे अडलं की ती दोन ओतण्या मागे घ्यायची. पुसलं मात्र एकदाही नाही. त्या दिवशी पाच नळ्या भरल्या. दुसऱ्या दिवशी मात्र सगळं घट्ट अडकलं. रिकामी नळी एकही उरली नाही.

"सातात काय हाय?"

"दोन निळे. साफ. दुसरं कायबी न्हाई."

"आन् तीनात?"

"बुडाशी जांभळा, वर एक निळा. वरचं निम्मं मोकळं. तीनातला निळा सातात वतू का? तीन निळे हुतील."

दर वेळी दोघंही असंच करायचे, साफ नळीतच भर घालायचे. मी शंभरदा पाहिलं होतं, आणि शंभरदा पुढे वाट बंद झाली होती. सार्थकने अंधारात बोटांवर नळ्या मोजल्या.

"उलटं कर," तो म्हणाला. "सातातले निळे तीनात वत."

"येडा का तू? साफ केलेलं परत त्या जांभळ्याच्या डोक्यावर?"

"व्हय. आपलं साफ झालेलं तिकडं दिलं, तर सात मोकळी हुती. मोकळ्या नळीत कायबी घेता येतं. आपण दर टायमाला आपलं आपलं साफ धरून बसतो, म्हणून अडकतो."

श्रावणीने ओतलं. सातवी नळी रिकामी झाली. आणि मित्रांनो, त्यानंतर गाठ सैल व्हावी तसे रंग सुटत गेले. तांबडा भरला, पिवळा भरला, निळाही भरला. शेवटी दोनच ओतण्या राहिल्या. एका नळीत तळाला जांभळा आणि वर हिरवा, थोडा थोडा. शेजारी तीन थर हिरवे, त्यापलीकडे तीन थर जांभळे.

"हिरवा हिरव्यावर, जांभळा जांभळ्यावर. झालं," सार्थक म्हणाला. "वत. फोन तुजा."

श्रावणीने अंगठा उचलला, आणि थांबली. "मी न्हाई वतणार. ह्या दोन तुज्या. तू बगून वतायच्या."

"आन् दिसलंच न्हाई तर?"

माझ्या काचेवर एक थेंब पडला. भिंतीपलीकडून कोयत्याचा आवाज त्या वेळी येत नव्हता, पण आम्हा तिघांनाही तो ऐकू येत होता.

त्यानंतर पट्टी सुटेपर्यंत मी झरोक्यातून एकदा तिकडे गेलो आणि एकदा इकडे आलो. कुणीही ते बटण दाबलं नाही. श्रावणी मला चार्जिंग कमी पडू देत नव्हती, कारण मी बंद पडलो असतो तर सगळं पुसलं गेलं असतं. रत्नाला हे लेकाने सांगितलं असावं. माझा तिकडचा मुक्काम होता तेव्हा वीज गेली, तर ती मला शेजारच्यांच्या बॅटरीवर लावून आणायची.

भोरला पट्टी सुटली ती एका सकाळी. दवाखान्यातल्या बाकावर अमृत, रत्ना आणि बाळाबाई होती. धनाजी दाराबाहेर टेम्पोला टेकून उभा होता. श्रावणी त्याच्यामागून आली होती, मला दोन्ही हातांत धरून. अमृतने तिच्याकडे असं पाहिलं की ती भिंतीला चिकटली.

डॉक्टरीणबाईंनी खोलीतला उजेड कमी केला आणि पट्ट्या काढल्या. डावा डोळा उघडला. तो लाल होता, पाणावलेला होता.

"काय दिसतंय?"

"धुकं," सार्थक म्हणाला. अमृतच्या मुठी वळल्या. "माज्या फोनात दोन ओतण्या राहिल्यात. त्या बगू का?"

"एकच मिनिट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चांगला डोळा झाकून बघ."

बाळाबाईने आपल्या खरबरीत तळव्याने त्याचा उजवा डोळा झाकला. श्रावणी पुढे झाली आणि तिने मला त्याच्यासमोर धरलं. ज्या डोळ्यावर मी आदळलो होतो, तो आता माझ्याकडे बघत होता. त्याच्या कडेला रक्ताचा एक तांबडा डाग अजून होता. मी माझा उजेड जेवढा होता तेवढा दिला.

"डावीकडं धुकं हाय," तो म्हणाला. बोट पुढे आलं, डगमगलं. "पर ही... ही हिरवी." बोट टेकलं. हिरवा हिरव्यावर गेला. "आन् ही जांभळी." जांभळा जांभळ्यावर गेला.

दहा नळ्या भरून आल्या आणि मी माझ्या बसक्या आवाजात विजयाची धून वाजवली. रत्ना रडली. अमृतने वळलेल्या मुठी उघडल्या आणि तळवे विजारीला पुसले. मग तो बाहेर गेला आणि टेम्पोच्या पलीकडच्या बाजूला टेकला. दोघे भाऊ एकमेकांकडे न बघता उभे राहिले. भिंत पडली का, असं विचाराल, तर नाही. ती अजून आहे. पण त्या सालची उरलेली आवणी दोघांच्या खाचरांत एकाच पाण्यावर झाली. ज्याची बारी संपली, त्याने बांधाची वाट वेळेवर उघडली.

सार्थकच्या डाव्या डोळ्याला कडेचं थोडं धुकं राहिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते जाणार नाही. क्रिकेट खेळताना त्या बाजूने आलेला चेंडू त्याला उशिरा दिसतो. मग श्रावणी मैदानाबाहेरून ओरडते, "डावीकडं!"

मित्रांनो, आता माझी बॅटरी फुगली आहे. लवकरच मला कुणी हातात घेणार नाही, आणि त्याचं मला दुःख नाही. मला पिशवीत घाला, माझी काच पुसा, असंही मी सांगत नाही. एवढंच सांगतो, की मी दगड नाही. माझ्यात शाळा होती, खेळ होता, आजोबांची माया होती. पण रागावलेल्या हातातून सुटलो, तेव्हा मी दगडच झालो, आणि सुटलेला दगड परत बोलावता येत नाही. तो हात तेवढा खाली घ्या. डोळा एकदा गेला, की 'पुन्हा सुरू' हे बटण कुठेच नसतं.